मला चिवट म्हणू नका

अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहरात मोठ्या वादळाची वर्दी आली की गरीब वस्त्यांतली जुनीजाणती माणसं सांगायची, ‘विटांकडे जा.’ विटा म्हणजे शहरातल्या सरकारी वसाहती. बाकीचं शहर बरंचसं लाकडी घरांचं, आणि या वसाहती मात्र पक्क्या विटांच्या, दोन-तीन मजली, जाड भिंतींच्या. बऱ्याचशा १९४०च्या सुमाराला बांधलेल्या. तिथे राहणाऱ्यांत मोठा भरणा कृष्णवर्णीय बायकांचा. कुणी हॉटेलात खोल्या आवरणारी, कुणी दवाखान्यात आयाचं काम करणारी, कुणी शाळेच्या स्वयंपाकघरात. २८ ऑगस्ट २००५ला, रविवारी, कतरिना चक्रीवादळ शहराकडे येत असताना महापौरांनी शहर रिकामं करायचा हुकूम काढला. तेव्हा यांच्यातल्या पुष्कळजणी बाहेर गेल्याच नाहीत. उलट दुसरीकडे राहणाऱ्या बहिणी, मावश्या, मैत्रिणी पोराबाळांसकट त्यांच्याकडे मुक्कामाला आल्या.

पुढे टीव्हीवर सारखं विचारलं जात होतं की इतकं सांगूनही ही माणसं निघाली का नाहीत. दोन उत्तरं सरळ आहेत. शहरातल्या चारातल्या एकाहून जास्त घरांत गाडी नव्हती. शिवाय महिनाअखेर होती, हातात पैसे नव्हते, पेट्रोल आणि मोटेलचं भाडं आणायचं कुठून? तिसरं उत्तर मात्र चटकन दिसत नाही. समजा, अशी एक बाई आहे. आई डायलिसिसवर, धाकट्याला दमा, वरच्या मजल्यावरच्या म्हातारीचे पाय चालत नाहीत. एकटी असती तर कुणाच्या तरी गाडीत बसून ती निघून गेली असती. पण एवढा गोतावळा मागे टाकून कशी जाणार? मग ती बाथटब पाण्यानं भरून ठेवते. लाइट जाणार हे ठाऊक असतं, म्हणून फ्रीझरमधलं सगळं मटण-मासे शिजवून टाकते. औषधं प्लास्टिकच्या पिशवीत बांधते, म्हातारीला खाली आणते आणि दोन खोल्यांत अकरा माणसं झोपवते. ही तिची तयारी असते. बाहेरून बघणाऱ्याच्या वहीत तिची नोंद ‘निघाली नाही’ एवढीच होते.

या बाईकडून सगळ्यांनी काय काय धरून चाललेलं असतं, आणि ते तिला केवढ्याला पडतं, ते इथे समजून घ्यायचं आहे. अमेरिकेत तिला एक नाव आहे, ‘स्ट्राँग ब्लॅक वुमन’. मराठीत आपल्या तोंडी चटकन ‘सोशीक’ हा शब्द येतो, पण तो नीट बसत नाही. सोशीक बाईनं गप्प बसून सोसायचं असतं. हिनं सोसायचं आणि वर लढायचंही. ऑफिसात भांडून आईचं नाव यादीत लावायचं, पोराच्या शाळेत जाऊन बोलायचं, चर्चमध्ये शंभर माणसांचं जेवण करायचं, आणि कुणी ‘कशी आहेस?’ विचारलं तर हसून ‘देवाची कृपा’ म्हणायचं. खंबीर, सोशीक आणि कर्ती या तिघी एकाच अंगात.

नर्सिंगच्या अभ्यासक शेरिल वुड्स-गिस्कोम्बे यांनी २०१०मध्ये या अपेक्षेची नीट फोड केली. त्यांनी ४८ आफ्रिकन अमेरिकन बायकांना गटागटानं बसवून बोलतं केलं. त्यांच्या बोलण्यातून पाच धागे निघाले. खंबीर दिसलंच पाहिजे. मनातलं मनातच ठेवलं पाहिजे. कुणावर अवलंबून राहायचं नाही, दुबळेपणा दाखवायचा नाही. हाताशी काही नसलं तरी यश मिळवायचंच. आणि दुसऱ्याच्या मदतीला धावायचंच, स्वतःला झेपो न झेपो. या सगळ्याला त्यांनी ‘सुपरवुमन स्कीमा’ म्हटलं. स्कीमा म्हणजे मनात बसलेला साचा. आपण तो निवडत नाही. आई आणि आजी कशा वागतात ते बघत लहानपणापासून तो आत उतरतो. या बायकांनी त्याचे फायदेही सांगितले, त्यांच्याकडे पुढे येतो.

हा साचा आला कुठून? एक हात मालकांचा. गुलामगिरीच्या काळात गोऱ्या घरातली बाई नाजूक, तिला ऊन लागता कामा नये. कापसाच्या शेतातली कृष्णवर्णीय बाई मात्र पुरुषाच्या बरोबरीनं राबणार, बाळंतपणानंतर लवकरच पुन्हा शेतात. तिच्यावर एवढं लादायचं तर तिला कमी दुखतं असं मानणं सोयीचं होतं. १८४०च्या दशकात अलाबामातल्या माँटगोमेरी गावात जे. मॅरियन सिम्स या डॉक्टरनं अनार्का, बेट्सी आणि ल्यूसी या गुलाम स्त्रियांवर भूल न देता शस्त्रक्रियांचे प्रयोग केले. एकट्या अनार्कावर तीसेक वेळा. पुढे या डॉक्टरला आधुनिक स्त्रीरोगशास्त्राचा जनक म्हणत. न्यू यॉर्कच्या सेंट्रल पार्कमधला त्याचा पुतळा हलवला गेला तो थेट २०१८मध्ये.

दुसरा हात खुद्द आयांचा. रडून काही मिळत नाही, उलट रडणारीला जास्त लुबाडतात, हे ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिलं त्यांनी मुलींना चिलखत घालायला शिकवलं. ‘बाहेर डोळ्यांत पाणी आणायचं नाही.’ ते चिलखत खरंच उपयोगी पडलं. म्हणूनच या विषयावर बोलणं अवघड आहे. ज्या गोष्टीनं आजीला जिवंत ठेवलं, ती नातीला आजारी पाडते असं एकदम कसं म्हणायचं?

२९ ऑगस्टला वादळ किनाऱ्याला लागलं. त्यानंतर शहराचे पूररोधक बांध आणि कालव्यांच्या भिंती ठिकठिकाणी फुटल्या आणि जवळजवळ ८० टक्के शहर पाण्याखाली गेलं. त्या सगळ्या भागात माणसं हजाराच्या वर मेली. भिंती निसर्गानं बांधल्या नव्हत्या, सरकारच्या इंजिनियरांनी बांधल्या होत्या, हे लक्षात ठेवायला हवं. सुपरडोम स्टेडियम आणि कन्व्हेन्शन सेंटरमध्ये हजारो माणसं अडकली, आणि दोन्हीकडे लाइट, पाणी, संडास यांचे हाल. छायाचित्रांत बघा, म्हाताऱ्यांना वारा घालणाऱ्या, दुसऱ्याच्या पोराला कडेवर घेतलेल्या बायकाच बायका. आठवडाभरात हजारो जण ह्यूस्टनच्या अ‍ॅस्ट्रोडोम स्टेडियममध्ये पोचले. तिथे ५ सप्टेंबरला राष्ट्राध्यक्षांच्या मातोश्री बार्बरा बुश आल्या आणि रेडिओवर म्हणाल्या की इथले पुष्कळ लोक तसेही वंचितच होते, त्यामुळे हे त्यांना चांगलंच मानवतंय. नंतर या वाक्यावर खूप टीका झाली. मला त्यात दुष्टपणापेक्षा सवय जास्त दिसते. यांना चालतं, यांना सवय आहे, ही ती सवय.

मग सुरू झालं कागदांचं काम. आपत्ती निवारणाच्या केंद्रीय संस्थेचा, म्हणजे फेमाचा नियम साधारण असा होता की एका पत्त्यावरचं घर म्हणजे एक कुटुंब, आणि मदतीचा अर्जही एकच. नवरा-बायको आणि दोन मुलं अशा घराला हा नियम बसतो. आजी, दोन मुली, त्यांची पोरं आणि तात्पुरता राहायला आलेला भाचा अशा घराला तो बसत नाही. शिवाय वादळानंतर त्या घराची पांगापांग झालेली. आजी बॅटन रूजला, एक मुलगी ह्यूस्टनला, दुसरी अटलांटाला. एकीनं आधी अर्ज भरला की दुसरीचा अडकायचा. मग तासन्‌तास फोन धरून बसायचं आणि आम्ही एका छपराखाली राहत होतो पण आता राहत नाही हे पटवून द्यायचं. हे काम बहुतेक घरांत कोण करणार हे सांगायला नकोच. आपत्तीनंतरच्या सावरण्यात असं बिनपगारी कारकुनी काम प्रचंड असतं, आणि ते कुठल्याच अंदाजपत्रकात दिसत नाही.

शरीरावर याचा परिणाम काय झाला हे कळायला एक विलक्षण योगायोग कामी आला. वादळाच्या आधी, २००३ ते २००५ या काळात, न्यू ऑर्लिन्सच्या कम्युनिटी कॉलेजांतल्या हजारेक गरीब विद्यार्थी-पालकांची एका वेगळ्याच अभ्यासासाठी माहिती घेतली जात होती. शिष्यवृत्ती दिली तर शिक्षण टिकतं का, एवढंच बघायचं होतं. त्यांच्यात बहुसंख्य पंचविशीच्या आसपासच्या कृष्णवर्णीय आया. तब्येत कशी, झोप कशी, मन कसं, हे सगळं नोंदवलेलं. मग वादळ आलं. सहसा आपत्तीनंतर अभ्यासक पोचतात तेव्हा माणसं आधी कशी होती हे कुणाला ठाऊक नसतं. इथे ठाऊक होतं. जीन ऱ्होड्स, मेरी वॉटर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच बायकांना शोधून काढलं आणि वर्षानुवर्षं त्यांच्याशी संपर्क ठेवला. वादळानंतरच्या पहिल्या फेरीत गंभीर मानसिक त्रासाचं प्रमाण आधीच्या दुप्पट झालेलं दिसलं, आणि जवळजवळ निम्म्यांना आघातानंतरच्या ताणाची, पीटीएसडीची, लक्षणं होती. बारा वर्षांनीही सहापैकी साधारण एकीची लक्षणं गेलेली नव्हती.

या अभ्यासात मानसिक त्रास मोजायला सहा प्रश्नांची एक छोटी प्रश्नावली वापरली होती. गेल्या महिन्याभरात किती वेळा हताश वाटलं, किती वेळा अस्वस्थ वाटलं, असे साधे प्रश्न. त्यातला एक असा की प्रत्येक गोष्ट करताना श्रम पडतात असं किती वेळा वाटलं? मी हा प्रश्न वाचला तेव्हा थबकलो. जिला पहाटे चारला उठून दोन बस बदलून कामाला जायचं असतं, तिला श्रम पडतात हे लक्षण आहे की दिनक्रम? ‘नेहमीसारखंच’ असं तिनं म्हटलं तर ती तब्येतीनं ठणठणीत आहे की थकव्याची तिला सवय झाली आहे, हे प्रश्नावलीला कळणार कसं? साच्यातला दुसरा धागा, मनातलं मनातच ठेवायचा, नेमका इथे आडवा येतो. म्हणून अशा बायका डॉक्टरकडे जातात तेव्हा मन उदास आहे असं सहसा म्हणत नाहीत. डोकं दुखतं, पाठ धरली आहे, झोप नाही, असं म्हणतात. डॉक्टर गोळी देतो, रक्तदाब बघतो, पुढचा पेशंट.

डॉक्टरच्या बाजूलाही गडबड आहे. व्हर्जिनिया विद्यापीठातल्या २०१६च्या एका अभ्यासात गोऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना आणि शिकाऊ डॉक्टरांना काही विधानं दिली होती. जवळपास निम्म्यांनी त्यांतलं किमान एक खोटं विधान खरं मानलं, उदाहरणार्थ कृष्णवर्णीयांची कातडी जाड असते. असं मानणारे त्या रुग्णांच्या दुखण्याला कमी गुण देत होते. म्हणजे सिम्सचा पुतळा उभा होता तेवढा काळ त्याची समजूतही टिकली होती.

आता शरीरात काय होतं ते. संकट आलं की अंगात एक मोटार सुरू होते. नाडी वाढते, साखर रक्तात उतरते, रक्तदाब चढतो. पळायला किंवा लढायला हे हवंच. संकट टळलं की मोटार बंद व्हायला हवी. पण भाडं थकलंय, अर्ज अडकलाय, पोराला नव्या शाळेत त्रास होतोय आणि सगळ्यांसमोर चेहरा शांत ठेवायचाय, तर ती बंद होणार कधी? वर्षानुवर्षं चालू राहिलेल्या मोटारीनं जे झिजतं, त्याला अभ्यासक अ‍ॅलोस्टॅटिक लोड म्हणतात, आणि रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल अशी बरीच मापं एकत्र करून तो मोजतात. आर्लीन जेरोनिमस या संशोधिकेनं १९९२मध्ये ‘वेदरिंग’ हा शब्द सुचवला. उन्हापावसात उघड्यावर पडलेलं लाकूड जसं वयाआधी जुनं होतं, तशी कृष्णवर्णीय बायकांची शरीरं भेदभावाच्या आणि ओढगस्तीच्या हवेत वयाआधी म्हातारी होतात, असं त्यांचं म्हणणं.

पण या बाईचा खंबीरपणा जर इतका महाग पडतो, तर त्याचा फायदा कुणाला? इथे मला पुन्हा विटांकडे जायचं आहे.

पाणी ओसरल्यावर असं दिसलं की त्या वसाहतींच्या इमारती शहरातल्या पुष्कळ घरांपेक्षा चांगल्या तगल्या होत्या. दुरुस्त करून राहता येईल, असं काही तज्ज्ञांनी सांगितलंही. तरी दारांना पोलादी झडपा लागल्या, कुंपणं घातली गेली. २० डिसेंबर २००७ला नगर परिषदेनं चार मोठ्या वसाहती पाडायचा ठराव एकमतानं मंजूर केला. साडेचार हजारांच्या आसपास घरं. आत मतदान चालू होतं आणि बाहेर पोलीस आंदोलकांवर मिरचीचा फवारा मारत होते. वॉशिंग्टनच्या एका महिला धोरण संशोधन संस्थेनं या वसाहतींतल्या १८४ कृष्णवर्णीय बायकांच्या मुलाखती घेतल्या. त्यांच्या अहवालाचं नावच ‘विटांकडे जा’ असं आहे. बायकांनी गमावलं ते नुसतं छप्पर नव्हतं. पोर सांभाळणारी शेजारीण, उधारीवर अंडी देणारी मैत्रीण, म्हातारीकडे लक्ष ठेवणारा जिना, हे सगळं विटांबरोबर गेलं. एकटीचा वाटणारा खंबीरपणा खरं तर दहाजणींच्या हातांवर उभा होता.

स्वतःचं घर असणारीची गोष्टही फार वेगळी नाही. ‘रोड होम’ नावाच्या योजनेत घर उभारायला अनुदान मिळे. रक्कम ठरे ती वादळाआधीची घराची बाजारकिंमत किंवा दुरुस्तीचा खर्च, यांतलं जे कमी असेल त्यावर. समजा, दोन सारखीच घरं आहेत आणि दोन्हींची दुरुस्ती सव्वा लाख डॉलरची. गोऱ्या वस्तीतल्या घराची किंमत अडीच लाख, म्हणून त्याला सव्वा लाख धरले. लोअर नाइन्थ वॉर्ड या कृष्णवर्णीयांच्या वस्तीतल्या घराची किंमत ऐंशी हजार, म्हणून त्याला ऐंशी हजार. विटा-सिमेंट दोघांना एकाच भावानं. मधले पंचेचाळीस हजार कुठून आणायचे? खटला झाला, सूत्र बदललं, आणि २०११मध्ये सुमारे ६ कोटी २० लाख डॉलरची तडजोड झाली. तोवर सहा वर्षं गेली होती.

गरीबच नव्हे, मध्यमवर्गीय बायकांचीही तीच गत. शहराच्या शाळांमधले सात हजारांवर कर्मचारी वादळानंतर कामावरून काढले गेले. शिक्षकांत दहापैकी सात कृष्णवर्णीय, आणि त्यांत बहुतेक बायका. वीस-वीस वर्षं शिकवलेल्या, घराचे हप्ते भरणाऱ्या, भाचरांची फी भरणाऱ्या. त्यांनी कोर्टात दाद मागितली, खालच्या कोर्टात जिंकल्याही, पण २०१४मध्ये लुइझियाना राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात हरल्या.

याच सुमाराला शहराबद्दल ‘रेझिलियन्स’ हा शब्द जिथे तिथे ऐकू यायला लागला. चिवटपणा, पुन्हा उभं राहण्याची ताकद. न्यू ऑर्लिन्सच्या नागरी हक्क वकील ट्रेसी वॉशिंग्टन यांना तो शब्द इतका टोचला की त्यांच्या म्हणण्याची पोस्टरं शहरात लागली. मला चिवट म्हणणं बंद करा, असा त्याचा मथितार्थ. तुम्ही चिवट म्हणता, म्हणजे माझ्यावर आणखी काही तरी लादायला मोकळे होता.

हे वाचून कुणाला वाटेल की मग खंबीर राहणं सोडूनच द्यावं. तसं नाही. सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या २०८ आफ्रिकन अमेरिकन बायकांचा एक अभ्यास २०१९मध्ये आमानी अ‍ॅलन आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केला. त्यांनी साच्यातले धागे वेगवेगळे मोजले आणि शरीराच्या झिजेशी ताडून पाहिले. खंबीर दिसणं आणि भावना आवरणं हे धागे वर्णभेदाचा मार काही अंशी झेलताना दिसले, म्हणजे चिलखत चालत होतं. झीज वाढवत होते ते दुसरे दोन धागे. काहीही करून यश मिळवायची ओढ, आणि दुसऱ्याच्या मदतीला धावायची बांधिलकी. मला हा निष्कर्ष फार महत्त्वाचा वाटतो. ‘ताई, मोकळेपणी रडा, मन मोकळं करा’ हा सल्ला कदाचित चुकीच्या धाग्याला हात घालतो. तिला खाऊन टाकतंय ते न रडणं नसून, तिच्या अंगावर पडलेली अकरा माणसं आहेत.

न्यू ऑर्लिन्सच्या ट्रेमे भागात ऑर्लिन्स अ‍ॅव्हेन्यूवर ‘डूकी चेस’ नावाचं प्रसिद्ध हॉटेल आहे. नागरी हक्क चळवळीतले लोक त्याच्या वरच्या खोलीत बैठका घेत. ते चालवणाऱ्या लिआ चेस वादळाच्या वेळी ८२ वर्षांच्या होत्या. हॉटेलात पाणी भरलं, आणि त्या नवऱ्यासोबत फेमाच्या ट्रेलरमध्ये राहिल्या. २००७मध्ये हॉटेल पुन्हा सुरू झालं आणि नव्वदी ओलांडल्यावरही त्या स्वयंपाकघरात दिसायच्या. खंबीर बाईचं याहून चांगलं चित्र मिळणार नाही, आणि ते तसंच रंगवलं गेलं. त्या चित्रात एक गोष्ट सहसा नसते. त्यांच्यासाठी शहरातल्या हॉटेलवाल्यांनी आणि चाहत्यांनी पैसे उभे केले, आणि त्यांनी ते घेतले. रस्त्यापलीकडेच लाफिट नावाची विटांची वसाहत होती, पाडायच्या चार वसाहतींपैकी एक. तिच्या कुंपणाबाहेर उभ्या असलेल्या बायका काही कमी खंबीर नव्हत्या. त्यांच्यासाठी कुणी जेवणावळ ठेवून निधी गोळा केला नाही.

म्हणून निवारा केंद्रात समुपदेशनाचं पत्रक वाटण्याआधी दुसरी कामं निघतात. आईला डायलिसिसला नेणारी गाडी. पहिल्याच आठवड्यात पाळणाघर. फोन धरून अर्ज भरून देणारा पगारी माणूस. एकाच वसाहतीतल्या बायकांना नव्या गावात शेजारी शेजारी घरं. ह्यूस्टनला गेलेल्या कितीतरी जणींच्या दारात २०१७मध्ये हार्वी वादळाचं पाणी पुन्हा आलं. तेव्हाही त्यांनी आधी बाथटब भरला असणार.